गंधकाची नळी, कापराचं टोपण

शांबा,

माणूस जातो, पण त्याची लेखणी मागे राहून त्याचं काम पुढे नेते. हे वाक्य परवा तुझ्या शोकसभेत वाचनालयाच्या अध्यक्षांनी दोनदा म्हटलं. दोनदा अशासाठी, की पहिल्या वेळी लाउडस्पीकर खरखरत होता. समोर मेजावर पितळेच्या ताटात, झेंडूच्या फुलांत, तुझं काळं पेन ठेवलं होतं. म्हणजे एके काळी काळं असलेलं. कुणीतरी त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं. त्या लेखणीने आपल्याकडे आल्यापासून एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे त्या सबंध सभेत मला आणि वहिनींना ठाऊक होतं. तिसरा साक्षीदार भिंतीवर हार घालून बसला होता.

याच लेखणीने तू गोव्याच्या घटकराज्याच्या मागणीची निवेदनं लिहिलीस, असंही अध्यक्ष म्हणाले. पेन तू घेतलंस ते घटकराज्य मिळून गेल्यावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. मी तिथे होतो. अध्यक्षांनंतर उठलेल्या वक्त्याने तुला कोंकणीचा शिपाई म्हटलं, आणि त्याच्यानंतरच्याने मराठीचा सेवक. दोघेही तुझ्याकडून खोकल्याचं औषध नेत असत, तेवढं दोघांच्याही भाषणातून राहून गेलं.

कोंकणी की मराठी या आंदोलनाच्या काळात आपण एकमेकांशी बोलणं टाकलं, हे डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे. पण ठरवून आपण ते टाकलं नव्हतं. एक दिवस बसमध्ये तू माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसलास, दुसऱ्या दिवशी मी आधीच पुढे बसलो, आणि मग तीच सवय झाली. त्याआधी मराठीची बाजू मी तुझ्याशी कोंकणीतून मांडत असे, कारण मोप्याच्या पठाराखालच्या आपल्या वाड्यावर आपण लहानपणापासून दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडलोच नव्हतो. आणि तू कोंकणीची पत्रकं लिहिताना अडलास की वाक्य आधी मराठीत जुळवायचास. मी ते दाखवून दिलं की म्हणायचास, शाळेत मास्तरांनी दुसरं काही शिकवलंच नाही तर माणूस करणार काय. मी शाळेत मराठीच शिकवतो, त्यामुळे पुढे बोलता येत नसे. घोषणा देऊन माझा घसा बसला तेव्हा दवाखान्याच्या शिपायाबरोबर ज्येष्ठमधाचं औषध पाठवणारा तूच होतास. कंपाउंडर तू होतास, बाटली तुझी होती, फक्त वर नाव नव्हतं. तेच औषध तुमच्या मोर्च्यालाही जात होतं. त्या दिवसांत डिचोलीत दोन्ही भाषांचे घसे एकाच बाटलीवर चालले होते. शोकसभेत हे सांगावं असं माझ्या मनात होतं. मला बोलायला सांगितलं नाही, ते एका परीने बरं झालं.

तर म्हापशाचा बाजार. जुन्या कुलपांचा, बिनकाचेच्या कंदिलांचा आणि मेलेल्या माणसांच्या चष्म्यांचा ढीग मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्यापुढे तू उकिडवा बसला होतास. मी तुला ओलांडून जाणार होतो. तू मान वर न करता म्हणालास, "मास्तर, चष्मो हाडला?" इतक्या महिन्यांनंतर तुझं माझ्याशी पहिलं वाक्य हे. समेटासाठी लोक काय काय करतात. तू फक्त चष्मा आणलाय का विचारलंस, आणि मी खिशात हात घातला.

तुझ्या हातात ते पेन होतं. काळं, जाड, टोपणावर दोन पिवळ्या कड्या, खिशाला अडकवायची पिवळी काडी. तू ते माझ्या हातात न देता फक्त चष्म्यासमोर धरलंस आणि म्हणालास, "हें बापायचें."

तुझ्या वडिलांची गोष्ट मला पाठ होती. वाड्यावर ती सगळ्यांनाच पाठ होती. रामनाथबाब पोर्तुगीज अमदानीत पेडण्याच्या कचेरीत कारकून होते. तू अगदी लहान असताना एका सकाळी ते कोट घालून, खिशाला पेन लावून, सरहद्दीपलीकडे बांद्याला जाऊन गणेशचवथीआधी येतो म्हणून पठार चढून गेले. त्यानंतर बऱ्याच चवथी झाल्या. कुणी म्हणे मुंबईत दुसरा संसार आहे, कुणी म्हणे बेळगावला पटकीने गेले, कुणी तर त्यांना एका नाटक कंपनीत पेटी वाजवताना पाहिलं होतं. घरात त्यांचा फोटो नव्हता. तू आईला विचारायचास, बाबा दिसायला कसा होता, आणि ती पेनाचं वर्णन करायची. काळें पेन, दोन पिवळ्यो कड्यो, पिवळी काडी. रोज सकाळी तो कोट झटकून देणं तिच्याकडे होतं, म्हणून नजर नेहमी खिशावर. शेवटी शेवटी तिला तुझं नावही आठवत नव्हतं, पण कड्या दोनच होत्या.

बाजारातून परतताना बसमध्ये तू माझ्या शेजारी बसलास आणि मी तुला सांगितलं, की काळं पेन आणि पिवळी काडी या वर्णनात त्या काळचा निम्मा लिहिता गोवा बसतो. परदेशी माल पणजीत मुबलक उतरत होता, कारकुनापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या खिशाला तेच. शिवाय वडील पेन घेऊन गेले होते. ते म्हापशाला कसं येईल? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, की सरहद्द आता उघडी आहे, पेनाला यायला काय हरकत आहे. माणसालाही हरकत नव्हती, हे माझ्या तोंडाशी आलं होतं.

पण तुला माझी मान्यता पाहिजे होती. इतर कुणीही हो म्हटलं असतं. वहिनी म्हणाल्याच होत्या. तुला ती माझ्याकडूनच हवी होती, कारण मी कधी कशालाच हो म्हणत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या पेनामागचे आपले रविवार तिथून सुरू झाले. सकाळी पोदेर पावाचे उंडे टाकून गेला की मी तुझ्या मुळगावच्या घरी हजर. उघड्या जनेलाच्या उजेडात मेज, मेजावर फडकं, फडक्यावर पेन, आणि आपण दोघे त्यावर ओणवे, एखाद्या आजाऱ्याला तपासावं तसे.

फोंड्याचा तो पेनवाला आठवतो? देवळाच्या वाटेवर खोक्याएवढं दुकान. त्याने पेन उघडायच्या आधी नळीवर अंगठा जोरात घासला, हुंगला आणि आपल्यापुढे धरला. गंधकाचा वास. फटाक्याची वात विझल्यावर येतो तसा. हे एबोनाइट, म्हणाला, कडक केलेलं रबर, जुनं आहे. तू माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस की जणू रामनाथबाबच दारात उभे राहिले. मग त्याने टोपण घासलं. त्याला कापराचा वास आला. आरती नुकतीच संपल्यासारखा. हे सेल्युलॉइड, म्हणाला, रंग जुळवून आणलाय, पण वस्तू दुसरी. टोपण बसावं म्हणून नळीच्या आट्यांवर कुणीतरी सुताचा दोरा गुंडाळला होता, तोही त्याने नखाने उचकटून दाखवला. दोन पेनं मोडली, त्यांतलं एक केलं, बाजारात असं चालतं. एवढं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या बसमध्ये दोघांची तिकिटं मी काढली. मला वाटलं, संपलं. तू माशेल येईपर्यंत पेन हातात फिरवत राहिलास. एकदा नळी हुंगायचास, एकदा टोपण. मग म्हणालास, "अर्दें तरी ताचें आसतलें मरे."

निम्मं तरी त्याचं असेल. शांबा, इतक्या सभा ऐकल्या, इतके ठराव वाचले, पण एवढी कमी मागणी मी कुणाची पाहिली नाही.

मग कुठलं निम्मं, हा वाद. तू आधी टोपणाच्या बाजूने होतास, कारण आईच्या कड्या टोपणावर. पण नळीवर अक्षरं निघाली आणि तू बाजू बदललीस. अक्षरं कसली, ओरखडेच ते. पेनावर मालकाने नाव कोरून घ्यायची पद्धत होती, तसं काहीतरी. खडूची पूड भरून काही दिसेना. तेव्हा तू बोट जनेलाच्या चौकटीवर फिरवलंस आणि खाणीच्या ट्रकांची ती लाल धूळ नळीवर चोळलीस. त्या धुळीने तुझ्या दवाखान्याची निम्मी गर्दी पुरवली होती. तिचा हा एवढाच उपयोग मला ठाऊक आहे. तिरप्या उन्हात एक रोमन अक्षर लाल होऊन वर आलं, पुढचं पुसलेलं. तू म्हणालास आर, रामनाथमधला. मी म्हणालो बी. डोक्याचा गोल दोन्हींत सारखाच, खालचं पाऊल उघडं की मिटलेलं एवढाच प्रश्न होता, आणि नेमकं तिथेच नळी झिजलेली. मला ते मिटलेलं दिसत होतं. मी तसं सांगितलं. तू चष्मा मागितलास, लावलास, परत दिलास. शेवटी असं ठरलं की शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोठं भिंग मी पुढच्या रविवारी घेऊन यावं, म्हणजे सोक्षमोक्ष.

तो चवथीच्या आधीचा आठवडा होता. चवथीआधी घरोघरी समया, निरांजनं, तांब्याची भांडी कोकमाच्या सोलांच्या पाण्यात घालतात. आंबट सोलांनी पितळ कसं लखलखतं, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. शनिवारी वहिनींनी पातेल्यात गरम पाणी ओतून सोलं भिजवली, समया बुडवल्या आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. त्या पातेल्यात तू पेन घातलंस. सगळंच्या सगळं. दुपारी काढलंस आणि मागच्या दारी बसून नारळाच्या शेंडीने, राख लावून, घासलंस. बराच वेळ घासलंस, असं वहिनी सांगतात. त्यांनी आतून हाक मारली, तर म्हणालास, आलो.

रविवारी मी गेलो तेव्हा पेन मेजावर चमकत होतं. काडीवरचा सोन्याचा मुलामा जाऊन खालचं पितळ उघडं पडलं होतं. नळी गरम पाण्याने काळ्याची तपकिरी झाली होती, भिजलेल्या तंबाखूच्या रंगाची. अक्षराच्या जागी काही नव्हतं. बोट फिरवलं तर बोटालाही काही लागत नव्हतं. तू म्हणालास, बघ, समयीसारखं झालं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, की एवढा औषधांच्या बाटल्या हाताळणारा माणूस, पेन सोलांत घालतो म्हणजे काय म्हणावं. तू हसलास. भिंग माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

ती चूक होती असं वहिनी अजून मानतात. शोकसभेच्या आदल्या दिवशीही त्या मला म्हणाल्या, की साधा माणूस, त्याला कळलं नाही. मी मान हलवली. शांबा, तू लोखंड आणि पितळ यांतला फरक जाणणारा माणूस होतास. कुठल्या बाटलीत कुठलं आम्ल चालतं ते शिकाऊ मुलांना तू शिकवायचास. त्या अक्षराचं पाऊल मिटलेलं निघेल, असं तुला शुक्रवारीच कळलं होतं का? तू रात्रीतून दुसरं कुठलं भिंग पैदा केलं होतंस का? की पाहायचंच नव्हतं, मला पाहू द्यायचं नव्हतं? मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. त्यानंतर आपण पुष्कळ रविवार एकमेकांसमोर बसलो आणि हे एक वगळून सगळं बोललो.

अक्षर गेलं तेव्हा, तू म्हणालास, आता निदान लिहितं करू. तिथेही यश आलं नाही, पण तू खटपट मनापासून केलीस हे नोंदवलं पाहिजे. आतली शाईची रबरी पिशवी कधीच कुजून डांबर झाली होती. तू दवाखान्यातल्या ड्रॉपरचा रबरी फुगा कापून तिथे बसवलास, सोनाराकडची लाख वितळवून चिकटवलास, आणि शाई भरलीस. शाई टोपणातून, आट्यांतून, दोऱ्यातून, निघेल तिथून निघाली. फक्त निबातून नाही. तुझ्या पांढऱ्या कोटाचा खिसा निळा झाला आणि बायका गजकर्णावरचं ते जांभळं औषध तुझ्याकडे हक्काने मागू लागल्या. निब वाकलं होतं, ते सोनाराने सरळ केलं आणि सरळ करताना टोकाचा दाणा उडाला. दाण्याशिवाय निब कागद फाडतं. फोंड्याचा पेनवाला दुसरं निब द्यायला तयार होता. तू नको म्हणालास. टोपण दुसऱ्याचं, रबर ड्रॉपरचं. "निब बदल्लें जाल्यार बापायचें कितें उरलें?"

मी हिशेब करून पाहिला. तसंही फारसं उरलं नव्हतं.

मग तुझं पोट फुगायला लागलं. इतरांना औषध देणारा माणूस स्वतःसाठी दाखवायला किती उशीर करतो, ते मी पाहिलं. पणजीच्या इस्पितळात मी आलो त्या दुपारी वहिनी खाली डॉक्टरांना भेटायला गेल्या होत्या. तुझे डोळे पिवळे झाले होते, आणि तूच म्हणालास की आता काडीशी रंग जुळतो. पेन उशीखाली होतं. तू ते काढून माझ्या हातात दिलंस. पहिल्यांदाच दिलंस. मग विचारलंस, कोणाचं ते, सांग.

काय उत्तर अपेक्षित होतं, ते मला कळत होतं. तुलाही कळत होतं की मला कळतं. तरी मी म्हणालो, की आता कळायला काही मार्ग राहिलेला नाही.

तू नजर पंख्याकडे वळवलीस. मग म्हणालास, "एकदां तरी फट मार मरे, मास्तर."

फट म्हणजे थाप. थोडंसं खोटं. तू ते रागाने म्हणाला नाहीस. उंडा मागावा तसं म्हणालास. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी आल्या, आणि मग नर्स आली, आणि मग भेटीची वेळ संपली. त्यानंतर तू शुद्धीवर होतास असं कुणी म्हणत नाही.

आता रविवार येतो आणि पोदेरचा भोंगा ऐकून मी सवयीने चपला पायात घालतो. कुठे जायचं ते नंतर आठवतं. मराठीची बाजू अजून माझ्याकडे आहे, पण मांडायची कुणापुढे? जे माझ्या बाजूचे आहेत त्यांना ती पटलेलीच आहे, आणि त्यांच्यासमोर ती मला स्वतःला फारशी पटत नाही. तुझ्याशी भांडताना माझी मतं जरा बरी दिसायची. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आपल्याकडे मित्राचे आभार मानत नाहीत, त्याला उंडा खाऊन जा म्हणतात.

शोकसभेनंतर अध्यक्षांनी मला थांबवून घेतलं. वहिनींनी पेन वाचनालयाला दिलं होतं. घरात ठेवलं की त्यांना ते सोलांचं पातेलं दिसतं, म्हणाल्या. ते काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं आणि पेटीवरची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर बरं म्हणून. अध्यक्षांनी मजकूर तयार ठेवला होता. त्यात 'ऐतिहासिक' हा शब्द होता, 'लढा' होता, 'झुंजार' होता. मी कार्ड पुढे ओढलं आणि एक ओळ लिहिली: शांबाच्या वडिलांचं पेन.

अध्यक्षांनी ती वाचली. म्हणाले, वडिलांचं? हे आम्हांला माहीत नव्हतं. तुमची खात्री आहे?

मी म्हटलं, आहे.

माझी ख्याती अशी की पुढे त्यांनी विचारलं नाही. तुझ्या उशाशी बसून म्हणायचा शब्द मी त्यांच्या मेजाशी उभा राहून म्हटला. तुला तो ऐकू आला असं मानणाऱ्यांतला मी नाही, हे तुला माहीत आहेच.

काचेची पेटी अजून झालेली नाही. सुतार गावी गेला आहे. काल तेच कार्ड ठळक अक्षरांत लिहून द्यायला गेलो तेव्हा ग्रंथपालांनी पेन जुन्या पुस्तकांच्या कपाटातून काढून दाखवलं. वाळवी आणि झुरळं यांच्यासाठी त्यांनी तिथे डांबरगोळ्या पसरल्या आहेत. मी सवयीने नळीवर अंगठा घासला आणि ती हुंगली. मग टोपण हुंगलं. दोन्हींना डांबरगोळ्यांचा वास येतो.